एकही पिवळा ठिपका नाही

आमच्या घरात पिवळा कागद म्हणजे पत्रक. इचलकरंजीत बाबा यंत्रमाग कामगारांच्या संघटनेचं काम करायचे आणि संघटनेची पत्रकं सगळ्यात स्वस्त मिळणाऱ्या पिवळ्या कागदावर निघायची. छापखान्यातून गठ्ठे आले की पुढच्या खोलीत सतरंजीवर बसून आम्ही घड्या घालायचो. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. शाळेच्या पुस्तकातल्या धड्याआधी मला 'जाहीर निषेध' वाचता यायला लागलं, आणि पाहुणे आले की आई मला ते वाचून दाखवायला लावायची.

पत्रकात 'कदाचित' हा शब्द नसतो. बाबांच्या एकाही पत्रकात तो मी वाचलेला नाही. मालक लुटतो म्हणजे लुटतो, मोर्चा प्रचंड म्हणजे प्रचंड. जो 'थांबा, जरा बघूया' म्हणतो त्याला आमच्याकडे कुंपणावरचा म्हणत. कुंपणावरच्याला चहा मिळायचा, पण दुसरा कप मिळायचा नाही.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. पुढे जर्मनीत, आखन शहरात मी जे केलं ते मला बाबांनी शिकवलं नव्हतं. बरेच दिवस मी स्वतःची समजूत घालत होते की शिकवलं होतं. तेही खोटंच होतं. ते पुढे येईल.

आखनला मी पर्यावरण अभियांत्रिकीत मास्टर्स करायला आले. दुसऱ्या सत्रात एकदा बसमध्ये फोनवर मैत्रिणीशी कडाक्याचं भांडत होते. दोन सीट पुढची एक बाई वळून म्हणाली, "लवकर आटप ना. माझा स्टॉप आलाय आणि शेवट ऐकल्याशिवाय उतरवत नाहीये." ती साताऱ्याची. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी, म्हणून त्या क्षणापासून ताई. ती एका संशोधन संस्थेत डॉक्टरेट करत होती आणि तिचा विषय होता पेंग्विनच्या वसाहतींची मोजणी. तिला हाताखाली एक हिवी हवी होती. हिवी म्हणजे तासांवर काम करणारी विद्यार्थी मदतनीस. "भांडकुदळ चालेल का?" मी विचारलं. "डोळे चांगले असले तर चालेल," ती म्हणाली.

काम ऐकायला गमतीचं वाटायचं आणि करायला अतिशय कंटाळवाणं होतं. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या दोन वसाहतींवर दर उन्हाळ्यात ड्रोन उडवून छायाचित्रं घेतलेली होती. अंडी उबवण्याच्या आठवड्यांत जोडीतला एक पक्षी घरट्यावर बसून असतो आणि दुसरा समुद्रावर गेलेला असतो. म्हणून पक्षी मोजायचे नाहीत, घरटी मोजायची. बसलेला एक पक्षी म्हणजे एक जोडपं. वरून बघितलं तर गुलाबीसर विष्ठेच्या मोठ्या डागावर काळे दाणे पसरलेले दिसतात. साबुदाणा काळा असता तर तसा. त्यातला कुठला दाणा पक्षी, कुठला दगड, कुठली नुसती सावली, हे ठरवायचं. संगणकही मोजतो, पण त्याला शिकवायला आणि त्याची चूक धरायला आधी माणसाने मोजलेलं लागतं.

ताईने पहिल्या दिवशी नियम सांगितले. घरटं असेल तिथे माउसने लाल ठिपका. शंका असेल तिथे पिवळा. एकच छायाचित्र मी आणि आणखी एकीने, दोघींनी स्वतंत्र मोजायचं, एकमेकींचं बघायचं नाही, एकमेकींशी बोलायचं नाही, दोन्ही याद्या ताईकडे द्यायच्या.

"पिवळा कशाला?" मी विचारलं. "एक तर आहे, नाहीतर नाही."

"पिवळ्यांवरून मला कळतं की लाल आकड्यावर किती विसंबायचं," ताई म्हणाली. "तेवढ्यासाठीच दोन माणसं बसवलीत."

दुसरं माणूस म्हणजे सत्तरीच्या पुढची एक निवृत्त शिक्षिका. तिला मी इथे बाई म्हणते, कारण आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला बाईच म्हणतात. आयफेलच्या डोंगराकडच्या एका गावातून ती बसने यायची. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला, आणि तेवढीच वर्षं हिवाळ्यात गावाजवळच्या तलावावर बदकं मोजलेली. संस्थेत ती पैसे न घेता काम करायची, आठवड्यातून तीन दिवस, बरोबर सव्वानऊला. खिडकीपाशी तिची खुर्ची होती. खुर्चीवर तिने घरून आणलेली, लोकरीने विणलेली गादी. नवरा गेल्यापासून घरी कुणी नव्हतं, आणि ती एकदा सहज म्हणाली होती की सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी तिला उठायला कारण असतं.

पहिल्याच महिन्यात तिने मला नावाने आणि एकेरी हाक मारायला सांगितलं. मला ते जमेना. आईपेक्षा वीस वर्षांनी मोठ्या बाईला अगं कसं म्हणायचं? मी तुम्हीच म्हणत राहिले आणि ती हसून सोडून द्यायची. डब्यातून पावाचे दोन तुकडे आणि एक सफरचंद काढायची, सफरचंदाच्या आठ फोडी करायची आणि चार माझ्या बाजूला सरकवायची. विचारायची नाही, नुसती सरकवायची.

मी तेव्हा दर शनिवारी बाजारचौकात एका पर्यावरण गटाच्या टेबलापाशी उभी राहायचे. जर्मन लोक टेबल मांडून पत्रकं वाटतात, आमच्यासारखी बस स्टँडवर हातात कोंबत नाहीत. मला ते मिळमिळीत वाटायचं. पेंग्विनवर पत्रक लिहायचं काम मी मागून घेतलं. माहिती भरपूर होती आणि संताप त्याहून जास्त होता. समुद्रावरचा बर्फ लवकर फुटतो आणि पोहता न येणारी पिलं बुडतात. हिमाऐवजी पाऊस पडतो, पिलांची मऊ पिसं पाणी अडवत नाहीत, ती भिजतात आणि गारठून मरतात. पेंग्विन ज्या क्रिलवर जगतात, कोळंबीसारखा बोटाएवढा जीव, तो जहाजं उपसून नेतात आणि त्याच्या तेलाच्या गोळ्या आमच्याच गल्लीतल्या दुकानात मिळतात. एकदा मी त्या दुकानातल्या सगळ्या बाटल्या तोंड भिंतीकडे करून ठेवल्या होत्या. याची मला आजही लाज वाटत नाही.

पत्रकाचं जर्मन तपासायला मी बाईला दिलं. तिने पेन्सिलने चुका दुरुस्त केल्या आणि 'पेंग्विन संपत चालले आहेत' या वाक्याशेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

"कुठले पेंग्विन?" ती म्हणाली. "सगळे? एक जात काही ठिकाणी वाढते आहे, हे तुला माहीत आहे."

"ते लिहिलं तर लोक गोंधळतात."

"लोकांना गोंधळू दे थोडं. ती काही पहिलीतली मुलं नाहीत."

मी प्रश्नचिन्ह खोडलं आणि वाक्य तसंच ठेवलं. मनात म्हटलं, कुंपणावरची.

आता ते सांगते जे सांगण्यासाठी हे लिहायला घेतलं.

त्या छायाचित्रांच्या फाइलींच्या नावात वर्ष होतं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी एका सकाळी शेवटच्या वर्षाचं छायाचित्र मोजत होते. उजव्या कडेला, एका खडकाच्या सावलीत, काळसर डाग. घरटं असावं. मी लाल ठिपका ठेवला. मग नजर वर फाइलच्या नावाकडे गेली. मी ठिपका काढून टाकला.

एवढंच. अर्ध्या सेकंदाचं काम. बोटाला सवय लागते. शेवटच्या वर्षांत जे थोडंही अंधुक होतं ते मी सोडून द्यायला लागले, आणि पहिल्या वर्षांत जे थोडंही काळं होतं त्याला लाल ठिपका द्यायला लागले. पिवळा मी वापरलाच नाही. मला कुणाला फसवतेय असं वाटत नव्हतं. पेंग्विन कमी होतायत हे खरंच आहे, मी फक्त ते नीट दिसेल असं करतेय, असं वाटत होतं. ज्याच्या बाजूने आपण उभे आहोत त्याच्या बाजूने शंकेचा फायदा द्यायचा, यात चूक काय? हा प्रश्न मी स्वतःला तेव्हा विचारलासुद्धा नाही. आज लिहिताना विचारतेय आणि तोही सारवासारवीसारखा वाटतो.

नोव्हेंबरच्या शेवटी ताईने आम्हा दोघींना बोलावलं. तिच्यासमोर दोन याद्या होत्या आणि तिचा चेहरा उतरला होता. दोघींचे आकडे चालेल त्यापेक्षा जास्त वेगळे होते, आणि ते एकाच बाजूला वेगळे नव्हते. कधी माझा वर, कधी बाईचा वर. म्हणजे कुणाचा तरी हात स्थिर नव्हता. फेब्रुवारीत तिला प्रबंधातलं हे प्रकरण पूर्ण करून प्राध्यापकांकडे द्यायचं होतं.

"शंका असेल तिथे तुम्ही काय करता?" तिने जर्मनमध्ये दोघींना विचारलं.

"माझे पिवळे पुष्कळ आहेत," बाई म्हणाली. "फारच आहेत का? मला दिसतं तेवढंच मी लाल करते."

ताईने माझी यादी उलटली. "आणि तुझा एकही पिवळा ठिपका नाही?"

"मला स्पष्ट दिसतं," मी म्हणाले.

बाई टेबलावरच्या याद्यांकडे वाकून बघत होती, चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाशी धरून. दोन वर्षांपूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. ते तिनेच सफरचंद कापताना सांगितलं होतं. मी मराठीत म्हणाले, "ताई, म्हातारीला दिसत नाहीये. तुझं वाटोळं करेल ती."

बाई आमच्यापासून दोन हातांवर उभी होती. कागदातून मान वर करून तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. ताईची नजर तिच्या चष्म्यावर गेली होती.

ताईने फार सौजन्याने विचारलं. तिच्यासमोर दुसरं कुणी असतं तर मला ते सौजन्य आवडलं असतं. डोळे अलीकडे तपासलेत का, एकदा तपासून घेतले तर बरं, आमची छायाचित्रं त्रासदायकच असतात, वगैरे. बाई "जा, जा, गेनाऊ" म्हणत राहिली, म्हणजे हो, हो, बरोबर आहे. मग ती म्हणाली की डॉक्टरांनी बघेपर्यंत तिने न मोजलेलं बरं. "तुझे आकडे माझ्यामुळे बिघडायला नकोत," असं ती ताईला म्हणाली. डबा पिशवीत ठेवला. गादी खुर्चीवरच राहू दिली.

इथे डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ लगेच मिळत नाही. तिला अडीच महिन्यांनंतरची मिळाली.

ताईने पुढे मला सांगितलं की तिने माझ्यावर विश्वास ठेवला कारण मी तिचं माणूस होते. परक्या गावात आपल्या भाषेत कुणी काही कानात सांगितलं की ते खरंच वाटतं, ती म्हणाली. मला हे माहीत होतं. मी मराठीत बोलले ते उगाच नव्हतं.

डिसेंबरात खोलीत मी एकटीच मोजायचे. सव्वानऊला दाराकडे बघायचे. एका बुधवारी खिडकीपाशी उजेड बरा आहे म्हणून तिच्या खुर्चीवर जाऊन बसले. गादी उबदार होती, लोकर असते तशी. मी उठून परत माझ्या जागी आले. पण तरी कुणाला काही बोलले नाही.

रविवारी घरी फोन करायचे. बाबांना अभिमान होता. पोरगी जर्मनीत पेंग्विनची बाजू लढवतेय, असं त्यांनी गल्लीत सांगितलं होतं. गावातल्या शाळेच्या एका कार्यक्रमात सांगायला त्यांनी आकडा मागितला.

"किती कमी झाले गं, नक्की?"

मी आकडा सांगितला.

"मोजलं कुणी?"

"मी."

"मग प्रश्नच नाही," ते म्हणाले.

मी उसनं हसून म्हणाले, "बाबा, आपल्या पत्रकात मोर्च्याचा आकडा नेहमी वाढवूनच असायचा ना? पोलीस दोन हजार म्हणाले की आपण पाच हजार?" मला त्यांच्याकडून हो ऐकायचं होतं. तुम्हीच शिकवलंत, असं मला म्हणायचं होतं.

बाबा म्हणाले, "ते तुझ्या आईला विचार."

आई फोनवर आली. मी परत विचारलं. ती हसली. "पत्रकात ते काय लिहायचे ते लिहायचे. भाकऱ्या मला सांगायला लागायच्या ना घरोघरी. माणसं येणार बाराशे आणि मी पाच हजार सांगून बसले तर बायकांनी मला जोड्यानं मारलं असतं. आणि बाराशेच्या जागी आठशे सांगितल्या तर लोक उपाशी. आदल्या दिवशी तुझे बाबा प्रत्येक पेठेत जाऊन यायचे आणि रात्री येऊन मला सांगायचे, नक्की इतके, आणि इतक्यांचं नक्की नाही. नक्की नसलेल्यांसाठी मी पीठ काढून ठेवायची, भिजवायची नाही."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू पत्रकं वाचत होतीस की," आई म्हणाली. "स्वयंपाकघरात कुठे होतीस?"

पीठ काढून ठेवायचं, भिजवायचं नाही. तो आईचा पिवळा ठिपका होता, आणि बाबांचासुद्धा. मी ज्या घरात वाढले त्या घराची अर्धीच बाजू घेऊन जर्मनीला आले होते, आणि माझी चूक बाबांवर ढकलायला निघाले होते.

यानंतर तरी मी लगेच ताईकडे जायला हवं होतं. गेले नाही. आठवडे गेले. रोज सकाळी ठरवायचे आणि ताई चहा करताना दिसली की म्हणायचे, तिचं प्रकरण एकदा जाऊ दे. भित्रेपणाला किती समंजस आवाज असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. लहानपणापासून मी गप्प बसणाऱ्यांना नावं ठेवत आले होते.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, सव्वानऊला, बाई दारात उभी राहिली. आत आली नाही. हातात पारदर्शक प्लास्टिकच्या खोळीत एक कागद. नेत्रतज्ज्ञांचं पत्र. दृष्टी वयाच्या मानाने उत्तम, मोजणीच्या कामाला अडचण नाही, असं त्यात होतं. तिने तो कागद मला दाखवला. मला, एका हिवीला. "ती आहे का? मी परत येऊ शकते का, असं तिला विचारायचं होतं," ती म्हणाली. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई, स्वतःच्या खुर्चीवर बसायला परवानगी मागत होती.

ताई अकरानंतर येणार होती. मी म्हटलं, बसा. ती तिच्या गादीवर बसली, कोट न काढता.

"डोळे ठीक आहेत म्हणजे माझी पद्धत चुकत असणार," ती म्हणाली. "मी घरी खूप विचार केला. तू कसं ठरवतेस ते मला दाखव. मला शिकायचंय."

आता मोजणी संपलेली होती, त्यामुळे एकमेकींचं बघायला हरकत नव्हती. मी माझी छायाचित्रं उघडली. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकली. मला तेव्हा कळलं की जवळचं तिला चष्म्याशिवायच नीट दिसतं, म्हणून ती तशी वाकते. अडीच महिन्यांपूर्वी मी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

ती सावकाश बघत गेली. एका ठिकाणी थांबली, मला दुसरं छायाचित्र उघडायला लावलं, परत पहिल्यावर यायला लावलं.

"हा डाग आणि तो डाग," ती म्हणाली, "माझ्यासाठी दोन्ही पिवळे. सारखेच आहेत. याला तू घरटं म्हटलंस आणि त्याला काहीच नाही. इथे तुला काय दिसलं जे मला दिसत नाही?"

खरोखर शिकायला बसलेल्या विद्यार्थ्यासारखं तिने ते विचारलं. मी स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. फाइलच्या नावावर.

"वर्ष," मी म्हणाले.

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने माझ्या हातातून माउस घेतला आणि दोन्ही टोकांच्या वर्षांची आणखी चार-पाच छायाचित्रं स्वतः उघडली. मी बोलत राहिले. ठिपका कसा काढला, किती वेळा, केव्हापासून. पत्रकाबद्दल सांगितलं. क्रिलबद्दलही सांगायला लागले तेव्हा तिने हात वर केला, वर्गात करतात तसा.

"त्या दिवशी तू तिला तुमच्या भाषेत काहीतरी म्हणालीस," ती म्हणाली. "त्यानंतर ती माझ्या चष्म्याकडे बघायला लागली. काय म्हणालीस?"

"मी म्हणाले की तुमच्या डोळ्यांना कदाचित थोडा त्रास होत असेल आणि—"

"नाही. ते वाक्य याहून छोटं होतं."

आयुष्यात पहिल्यांदा मी 'कदाचित' वापरला होता, तो असा. मग मी ते वाक्य जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं. म्हातारी हा शब्दसुद्धा. वाटोळं करेल, हेसुद्धा. मराठीत ते तोंडातून सहज सुटलं होतं. तिच्या भाषेत मला त्याचा एकेक शब्द शोधून, उचलून तिच्यासमोर ठेवावा लागला.

तिने कोटाची बटणं काढली. कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला. "मी तीनदा चाचणी करून घेतली," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणत होते ठीक आहे. मीच म्हणत होते, परत बघा. मला वाटलं, हे आता सुरू झालं. आधी डोळे, मग बाकीचं." मग म्हणाली, "ती अकराला येते ना? मी इथेच बसते. तू सांगितल्यावर जेवू."

ताईला मी तिच्या खोलीत सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला भांडता आलं असतं. तिने फक्त एवढं म्हटलं, "नोव्हेंबरात बोलली असतीस तर महिनाभराचं काम होतं. आता उन्हाळा जाईल." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तिला डोळे तपासायला मी सांगितलं. माझ्या तोंडाने. तुझं ऐकून." ती उठून बाईकडे गेली. दार बंद होतं, त्यामुळे त्या दोघी काय बोलल्या ते मला माहीत नाही. ते मी ऐकावं असा माझा हक्कही नव्हता.

त्या संचातल्या माझ्या सगळ्या मोजण्या बाद झाल्या. प्राध्यापकांनी ताईला मुदत वाढवून दिली आणि मला कामावरून काढलं नाही. काढायला हवं होतं असं मला वाटतं. मला वेगळं काम मिळालं. सगळ्या छायाचित्रांची नावं बदलायची, वर्ष काढून टाकायचं, त्या जागी अर्थहीन अक्षरं घालायची आणि क्रम पिसून टाकायचा. म्हणजे मोजणाऱ्याला कळूच नये की तो कुठल्या वर्षात आहे. माझ्यासारख्या माणसापासून पेंग्विनना वाचवायची व्यवस्था मीच माझ्या हाताने केली. मग बाई आणि एक नवी विद्यार्थिनी, दोघींनी पहिल्यापासून मोजलं.

एका वसाहतीत घट निघाली, स्पष्ट. मी काढली होती त्यापेक्षा कमी, पण कुणाचीही झोप उडावी इतकी. दुसऱ्या वसाहतीत पिवळे ठिपके इतके होते की ताईच्या प्रबंधात त्या वसाहतीबद्दल लिहिलंय, सांगता येत नाही. ते वाक्य वाचताना अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तिथे नक्की काहीतरी चाललंय असं मला वाटतं. ते मला वाटतं, दिसलेलं नाही. बाबांना मी खरं सांगितलं आणि शाळेत सांगितलेला आकडा त्यांना परत जाऊन दुरुस्त करावा लागला. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, "त्या बाईंना परत घेतलं का कामावर?"

जुनी पत्रकं मी रद्दी कागदाच्या डब्यात टाकली. नवं लिहिलं, दोन्ही वसाहतींबद्दल. टेबलापाशी ते कमी लोक घेतात.

सप्टेंबरात ताई म्हणाली की मला परत मोजायला शिकायचं असेल तर सराव छायाचित्रांपासून सुरुवात करता येईल, आणि ती बाईंनी तपासायची. मी पहिलं छायाचित्र तीन तास मोजलं. इतकी काळजी मी आयुष्यात कशाची घेतली नव्हती. बाईने येऊन पाहिलं. सगळी वसाहत पिवळी झाली होती.

"हेही सोपंच आहे," ती म्हणाली.

"काय?"

"सगळ्यावर शंका घेणं. आता कुणी तुला पकडू शकणार नाही, हो ना?" ती वाकली, चष्मा वर सरकवला आणि मध्यभागी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा पक्षी आहे. बसलेला आहे, मान दिसतेय, भोवती खड्यांचं कडं दिसतंय. दिसतंय तर लाल कर."

मी लाल केला.

"पुढचा," ती म्हणाली.

साडेबाराला तिने डबा उघडला. पाव खाल्ला, सफरचंदाच्या आठ फोडी केल्या आणि एकेक करून खाल्ल्या, खिडकीबाहेर बघत. आठही. मी माझ्या स्क्रीनकडे बघत राहिले. मग तिने डबा पुसला, झाकण लावलं आणि परत माझ्या शेजारी खुर्ची ओढली.